बेतीच्या गच्चीवरून ५७६० मेगाहर्ट्झ

गोव्यातल्या आमच्या घरून मायक्रोवेव्ह पट्ट्यात, म्हणजे खूप उंच फ्रीक्वेन्सीवर, स्वतः बांधलेला रेडिओ प्रक्षेपक चालवायचा तर सगळा वेळ पॉवर मिळवण्यात जाईल, असं मी सुरुवातीला धरून चालले होते. अडीच वर्षांत पॉवरसाठी लागला एक शनिवार. बाकीचा काळ कागदपत्रांत गेला, आणि नको ती फ्रीक्वेन्सी बाहेर पडू नये म्हणून धडपडण्यात गेला. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत याबद्दल वाचायला काही मिळालं नव्हतं, म्हणून तारखा, खर्च आणि हेलपाट्यांसकट लिहून ठेवते आहे.

माझ्याकडे आधीपासून हॅम रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून प्रक्षेपण करायचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना होता; जनरल ही त्याच्या वरची पायरी. फोंड्याला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, चाळीस वर्षांपासूनचे हॅम. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्याकडे गेले असताना मी मायक्रोवेव्हचा विषय काढला. ते म्हणाले, "आधी जनरल ग्रेड घे. मग मोकळेपणाने प्रयोग करता येतील. आणि मोर्सला घाबरू नकोस, तो रोज वीस मिनिटांचा रियाज आहे." आपल्याकडच्या नियमांत हॅम लोकांना ५७२५ ते ५८४० मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे, आणि जगभरचे मायक्रोवेव्हवाले ५७६० च्या आसपास भेटतात. ही फ्रीक्वेन्सी आपल्या पट्ट्यात बसते, म्हणून तीच धरायचं ठरलं.

जनरल ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची भाषा, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने घ्यावा आणि पाठवावा लागतो. शब्द म्हणजे पाच अक्षरं. पावसाळाभर मी कामावर जाता-येता कानात हेडफोन घालून सराव केला. एक गोष्ट सांगते. टिंब आणि रेघा मोजत बसू नका. प्रत्येक अक्षर एका बोलासारखं पाठ करा, तबल्याचे बोल करतो तसं. मी दोन महिने मोजत राहिले आणि मिनिटाला पाच शब्दांवर अडकून पडले. मोजणं सोडल्यावर तीन आठवड्यांत आठ गाठले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर परीक्षेचा अर्ज भरला. फी १०० रुपये. परीक्षा मार्च २०२३ मध्ये गोव्यातच झाली. लेखीचे दोन भाग असतात, रेडिओचं तंत्र आणि नियम. नियमांचा भाग हलक्यात घेऊ नका. त्यातली बरीच उत्तरं मला पुढे प्रत्यक्षात उपयोगी पडली. मोर्सच्या वेळी हात इतका गार पडला होता की पहिली दोन अक्षरं मी पाठवली की नाही तेच कळेना. तिसऱ्या अक्षराला लय सापडली. निकाल मे महिन्यात लागला.

परवान्याचा अर्ज जूनमध्ये केला. तेव्हा वीस वर्षांचा परवाना १,००० रुपयांना आणि आजीवन २,००० रुपयांना मिळत होता. मी आजीवन घेतला. सप्टेंबरमध्ये अर्ज परत आला. ओळखपत्रावर पत्त्यात वाड्याचं नाव होतं, मी अर्जात ते गाळून नुसतं बेती, बार्देस लिहिलं होतं. एवढ्यावरून तीन महिने गेले. त्या दिवशी मला खरंच रडू आलं, कारण चूक माझीच होती आणि दाद मागायला जागा नव्हती. नंतर पडताळणी, मग पुन्हा शांतता. परवाना हातात पडला जानेवारी २०२४ मध्ये. पत्ता अक्षरशः जुळवा, स्वल्पविरामासकट. आणि अर्जाच्या प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट ठेवा.

परवान्यावर जो पत्ता असतो तिथूनच प्रक्षेपण करायचं. दुसरीकडून करायचं तर आधी परवानगी काढावी लागते. म्हणून मी सुरुवातीलाच ठरवलं की प्रक्षेपक आमच्या गच्चीवरून हलणार नाही, हलेल तो रिसीव्हर. आमचं घर बेतीच्या डोंगरावर आहे, गच्ची समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटर उंच. समोर मांडवी, पलीकडे पणजी. जागेच्या बाबतीत नशीब चांगलं होतं.

आता मूळ यंत्राकडे येते. ५७६० वर थेट चालणारं स्वस्त सर्किट मिळणं कठीण. पण एडीएफ४३५१ नावाची चिप असलेला सिंथेसायझर बोर्ड, म्हणजे सांगू ती फ्रीक्वेन्सी तयार करणारं सर्किट, ४४०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो आणि ऑनलाइन सहज मिळतो. तो २८८० वर लावला की त्याच्या दुपटीची हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीत सोबत येणारा सिग्नल, बरोबर ५७६० वर पडते. ती हार्मोनिक गाळून घ्यायची, एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या (एमएमआयसी) ॲम्प्लिफायरने वाढवायची आणि ॲन्टेनाला द्यायची. कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं माझ्या स्टेशनचं नाव, मोर्समध्ये पाठवायचं काम आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाकडे. सिंथेसायझर बोर्ड २,९०० रुपये, आर्डुइनो ३५०, ॲम्प्लिफायर ९००, एसएमए कनेक्टर आणि अर्धवट कडक केबलचे तुकडे १,८००. ॲम्प्लिफायरचं पार्सल परदेशातून येताना २३ दिवस अडकून पडलं. कागदपत्रं दोनदा पाठवली, परवान्याची प्रत जोडली, मग सुटलं. शक्य असेल तर भारतातल्या दुकानातून घ्या, शे-दोनशे रुपये जास्त पडले तरी.

फिल्टर मात्र विकत घ्यायचा नाही, बनवायचा. एसीच्या तांब्याच्या नळ्यांना जी टोपी बसवतात, एंड कॅप, ती छापील बोर्डावर उपडी डाखायची. आत दोन छोट्या तारा उभ्या करायच्या, एक सिग्नल आत सोडायला, एक बाहेर काढायला. वरून मधोमध पितळी स्क्रू. स्क्रू आत-बाहेर केला की ती पोकळी एकेका फ्रीक्वेन्सीला लागते. परदेशी लेखांत पाऊण इंची टोपी सांगितलेली असते, ती पाण्याच्या नळाच्या मापाने. एसीवाले नळी बाहेरच्या व्यासाने मोजतात. मी म्हापशाच्या दुकानात पाऊण इंची मागितली आणि लहान टोपी घेऊन घरी आले. तिथे सात-अष्टमांश इंची मागायची. एका टोपीला साठ रुपये.

टोपी डाखणं सोल्डरिंग आयर्नने जमत नाही, तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. काकांनी युक्ती सांगितली: बोर्ड तव्यावर ठेव. जुना डोशांचा तवा गॅसवर मंद आचेवर तापवला, त्यावर बोर्ड, बोर्डावर टोपी, कडेने सोल्डरच्या तारेचं कडं. तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही. मग ते करडं कडं एका बाजूला चमकायला लागतं, आणि क्षणात पूर्ण गोल फिरून टोपीच्या बुडाखाली ओढलं जातं. गॅस बंद करायचा आणि बोर्डाला हात न लावता तसंच निवू द्यायचं. पहिल्यांदा मी घाईने उचललं, टोपी केसभर सरकली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

जूनपासून पाऊस. गच्चीवर काही करता येणार नव्हतं, म्हणून पूर्ण पावसाळा टेबलावरच्या कामाला दिला. या कामाचं खरं वजन मला तेव्हा कळलं. भाच्याकडे हॅकआरएफ आहे, ६ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा सॉफ्टवेअर रेडिओ. तो मध्ये ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घालून जोडला आणि पाहिलं, तर ५७६० चा सिग्नल होता खरा, पण २८८० त्याच्यापेक्षा २० डेसिबेल वरचढ. म्हणजे मी जे प्रक्षेपित करणार होते त्यात मला हवं ते होतं शंभरावा भाग.

आणि २८८० ही आपली फ्रीक्वेन्सी नाही. २७०० ते २९०० हा पट्टा विमानतळांची आणि हवामानाची रडारं वापरतात. आमच्या गच्चीवरून समोर पणजीतली आल्तिनोची टेकडी दिसते, तिच्यावर हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. दाबोळीचा विमानतळ हवेतून पाहिलं तर जवळच. जूनच्या पावसात ते रडार कशासाठी चालू असतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. आमच्या गल्लीतले दोन ट्रॉलरवरचे तांडेल हवामानाच्या इशाऱ्यांवर दिवस ठरवतात. माझ्या छंदातली मिलिवॅटभर घाणसुद्धा त्या पट्ट्यात जाणं मला मान्य नव्हतं. परवान्यात तसं लिहिलेलं आहे म्हणून नव्हे. समोर दिसतंय म्हणून.

एक फिल्टर पुरला नाही. दुसरा बांधला, एक ॲम्प्लिफायरच्या आधी आणि एक नंतर. स्क्रू लावताना पाव फेऱ्याने काम होत नाही, त्याहून बारीक फिरवावं लागतं. सिग्नल एकदम उसळतो आणि तितक्याच पटकन जातो. सगळं नेमकं जुळलं की लॉकनट आवळायचा, आणि आवळताना स्क्रू किंचित ओढला जाऊन सगळं बिघडतं. यावर उपाय म्हणजे लॉकनट आधीच अर्धा आवळून ठेवायचा आणि त्या घट्ट स्थितीतच स्क्रू फिरवायचा. हे समजायला मला जुलै गेला. दोन फिल्टर लागल्यावर २८८० हा ५७६० पेक्षा ४५ डेसिबेल खाली गेला. पुढे सर्किट ठेवलेल्या टिनच्या डब्याच्या झाकणातून गळती सापडली, ती तांब्याच्या पट्टीने बंद केली. तरी मला आणखी खाली हवा होता.

बाकीचं काम ॲन्टेनाने केलं. गोल नळी वेव्हगाइड म्हणून, म्हणजे लहरी वाहून न्यायला, वापरली तर एका ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या खालचं काही तिच्यातून जाऊच शकत नाही. आतला व्यास ३८ मिलिमीटर असेल तर ती मर्यादा येते ४.६ गिगाहर्ट्झच्या आसपास. ५७६० आरामात जातं. २८८० मात्र नळीच्या दर मिलिमीटरला सुमारे ०.६६ डेसिबेलने मरतं. नळीत लहर सोडणाऱ्या आतल्या तारेपासून पुढे ८० मिलिमीटर नळी ठेवली की पन्नासहून अधिक डेसिबेल तिथेच गेले. हे गणित वहीत सुटलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला. नुसत्या एका नळीने माझी चिंता मिटणार होती.

३८ मिलिमीटरची तांब्याची नळी बाजारात मिळेना. गणेश चवथ ७ सप्टेंबरला होती. ती आटोपल्यावर मी डिचोलीच्या एका वयस्कर तांबटाकडे गेले. मापाचा लाकडी दांडा बरोबर नेला होता. त्यांनी पत्रा दांड्याभोवती वळवला, सांधा डाखला, एका तोंडाला ९० मिलिमीटरपर्यंत उघडत जाणारा शंकू जोडला आणि दुसरं तोंड बंद केलं. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला अर्धा झाकून पडत होता, त्यामुळे पत्र्यावर एकही खड्डा उरला नाही. काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाय, हाचें तुमी कितें करतले?" मी म्हटलं, यातून रेडिओच्या लहरी सोडणार. त्यांनी ते उजेडात धरून आत पाहिलं आणि म्हणाले, नरसाळंच आहे म्हणजे. जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले, तेव्हा अशाच शंकूच्या ॲन्टेनाला, हॉर्नला, ते लहरी गोळा करणारं नरसाळंच म्हणायचे. मी त्यांना ते सांगितलं. दोन नरसाळ्यांचे १,२०० रुपये झाले.

कुणाला करून पाहायचं असेल तर माझी मापं अशी: बंद तोंडापासून तार २२ मिलिमीटरवर, तारेची आतली लांबी १२ मिलिमीटरच्या आसपास. ती १३ ठेवून हळूहळू कापत आणा.

पहिली चाचणी २० ऑक्टोबर २०२४ ला, कोजागरीनंतरच्या रविवारी. त्याआधी घरचा वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर टाकला. ५७६० हे वायफायच्या १५३ क्रमांकाच्या चॅनेलमध्ये पडतं, त्यामुळे घरातलाच राउटर आड येतो. भाचा हॅकआरएफ, लॅपटॉप आणि दुसरं नरसाळं घेऊन पलीकडे पणजीत कांपालच्या काठावर गेला, दोन किलोमीटरच्या आत. मी गच्चीवर. पॉवर साधारण १० मिलिवॅट.

सकाळी आठ वाजता बटण दाबलं. भाच्याचा फोन आला, "मावशी, काही नाही." मी डबा उघडून पाहिला, केबल तपासल्या. दहा मिनिटांनी त्याचाच फोन: सिग्नल होता, पण जिथे शोधत होता तिथून बराच लांब. बोर्डावरचा फ्रीक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल उन्हाने तापून सरकला होता. ५७६० वर दहा लाखांत एक भाग म्हणजे जवळजवळ पावणेसहा किलोहर्ट्झ, आणि साधा क्रिस्टल त्याच्या कितीतरी पट सरकतो. भाच्याने वॉटरफॉलचा, म्हणजे वेळेनुसार सिग्नल दाखवणाऱ्या पडद्याचा, फोटो पाठवला, त्यात रेघ सरळ नव्हती, ओढ्यासारखी वळत होती. वारा सुटला की एकीकडे, ऊन आलं की दुसरीकडे. नंतर मी १,१०० रुपयांचा टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाने फारसा न सरकणारा क्रिस्टल, बसवला आणि डब्याच्या आत थर्माकोल लावला. तुम्ही हे आधीच करा.

त्या सकाळची दुसरी गोष्ट मी कुठे वाचली नव्हती. भरती चढत होती. नऊच्या सुमाराला सिग्नल हळूहळू खाली जायला लागला आणि वीस-पंचवीस डेसिबेल बुडाला. मी काहीच हलवलं नव्हतं. साडेनऊनंतर आपोआप वर आला. पुन्हा तासाभराने तसंच. भाचा वैतागला होता. मग मी वही काढली. एक लहर सरळ जाते, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. पाणी दीड मीटर वर आलं की दुसरीची वाट थोडी बदलते. थोडी म्हणजे किती? माझ्या उंचीला आणि अंतराला हिशोब आला सुमारे दहा सेंटिमीटर, आणि आमची लहरलांबी ५.२ सेंटिमीटर. म्हणजे एका भरतीत दोनदा दोन्ही लहरी एकमेकींना मारणार. भाचा काठावर बसून मांडवीची पातळी आमच्या सिग्नलमध्ये वाचत होता. मध्येच बार्ज गेली की तिच्या लाटांनी सूर थरथरायचा. दुपारी बारापर्यंत आम्ही दर पाच मिनिटांनी आकडा लिहून घेतला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

चंद्रनाथाच्या डोंगराचा विचार काकांचा. पारोड्याचा तो डोंगर साडेतीनशे मीटरहून उंच आहे, आणि आमच्या गच्चीपासून नकाशावर जवळजवळ ४० किलोमीटर. एवढ्या अंतरात नुसती नजर पोहोचून चालत नाही. मध्यावर पृथ्वीचा फुगवटा २३ मीटरच्या आसपास येतो आणि लहरीला भोवती मोकळी जागाही तेवढीच हवी असते. उंचीचा नकाशा काढून पाहिला, वाट मोकळी होती. या खेपेला नरसाळ्यांपुढे डीटीएचच्या ६० सेंटिमीटरच्या जुन्या डिश लावल्या, भंगारात प्रत्येकी १५० रुपयांना मिळालेल्या. या डिश ऑफसेट असतात. लहर जमिनीला समांतर पाठवायची तर डिशचं तोंड पुढे झुकलेलं, जमिनीकडे पाहतंय असं वाटतं. झोत मात्र सहा अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दिशा आधी होकायंत्राने आणि मग सेंटिमीटर-सेंटिमीटरने लावायची. शेजाऱ्यांना डिश मोडली असं वाटलं.

१२ जानेवारी २०२५, रविवार. काका आणि भाचा सकाळी देवळात विचारून, वाटेच्या कडेला मोकळ्या जागी बसले. मी नऊला सुरू केलं. पाऊण तास काही नाही. मी डिश डावीकडे हलवत होते, काका फोनवर "आणखी थोडी, थांब, मागे" असं सांगत होते. माझ्या हाताला घाम फुटला होता आणि स्पॅनर निसटत होता. मग फोनवर काका एकदम गप्प झाले. त्यांनी काही न बोलता फोन लॅपटॉपच्या स्पीकरला लावला. बारीक, स्वच्छ सूर. माझा कॉलसाइन, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने, चाळीस किलोमीटर जाऊन फोनवरून परत माझ्या कानात. मला काही बोलता आलं नाही. गच्चीच्या कठड्यावर बसून राहिले.

काका म्हणाले, "पॉवर कमी कर." दहा डेसिबेलचा ॲटेन्युएटर लावला, सूर होता. आणखी दहा. म्हणजे एक दशांश मिलिवॅट. तरी कानाने वाचता येत होता. गणितात ते आधीच आलं होतं, पण ऐकणं वेगळं. मग काकांनी भाच्याला २८८० वर रिसीव्हर लावायला सांगितला. त्याने नरसाळं काढून साधी ॲन्टेना लावली, वीस मिनिटं शोधलं. काहीच नव्हतं. मला तो निरोप पहिल्या सुराइतकाच हवा होता.

लॉगमध्ये नोंद केली: वेळ, फ्रीक्वेन्सी, पॉवर, अंतर, हवा निरभ्र. परवान्याची फी आणि दोन डिश धरून एकूण खर्च साडेदहा हजारांच्या आसपास झाला; हॅकआरएफ भाच्याचा. संध्याकाळी परतताना काकांनी दुसरं नरसाळं मला दिलं नाही, फोंड्याला घेऊन गेले. त्यांचा बोर्ड आता पहिल्या फिल्टरपर्यंत आला आहे. काल फोन होता, लॉकनट आवळला की सिग्नल जातोय म्हणून.